दगडूआबा आणि अणूचा सेल

दगडूआबा कुणाच्याही घरी गेले, की पायातल्या वहाणा काढायच्या आधी भिंतीकडे बघायचे. भिंतीवरचं घड्याळ चालू दिसलं, की त्यांना चैन पडायचं नाही.

"घरात मान्सं किती?"

"पाच आहेत, आबा."

"त्यात आत्ता येळ बघतंय कोन?"

घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघेपर्यंत आबांनी घड्याळ उतरवून, पालथं करून, अंगठ्याच्या नखाने त्यातला सेल बाहेर काढलेला असायचा. तो कोनाड्यात नीट उभा करून ठेवायचा आणि मग म्हणायचं, "झोपल्या जागी बी झिजतं ते. येळ बघायची आसंल तवा घाला." एवढं झालं की मग पाणी मागायचं.

बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू करताना काटे कुठे लावायचे, असं मी त्यांना एकदा विचारलं. "शेजाऱ्याला इचारायचं," आबा म्हणाले. शेजाऱ्याच्या घड्याळातला सेल आपणच आदल्या दिवशी काढलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एकदा आमच्या आळीत एक म्हातारं माणूस गेलं. आबा भेटायला गेले, कुणाशी न बोलता भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, सेल काढला, कोनाड्यात ठेवला आणि मुंडासं सारखं करत खाली बसले. घरच्यांना वाटलं, ही जुन्या लोकांची काहीतरी रीत असणार. त्यांनी दहाव्यापर्यंत घड्याळ बंद ठेवलं. पुढे शेजारच्या घरी तसाच प्रसंग आला, त्यांनीही ठेवलं. आता बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "तुमच्याकडं माणूस गेलं की घड्याळ बंद करायची पद्धत आहे का हो?" आम्ही सांगतो, व्हय, लई जुनी हाय.

हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. माझं बावड्याच्या एसटी स्टँडजवळ रेडिओ, टॉर्च आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. दुरुस्तीवर घर चालत नाही, चालतं ते सेलांवर. आणि त्याच दुकानाच्या फळीवर रोज सकाळी एक म्हातारा येऊन बसायचा आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "नवा कशाला घेतो? जुना उनात ठिव." आता अशा दुकानदाराने हसतमुख राहायचं म्हणजे किती राहायचं?

आबांचं म्हणणं असं, की सेल मरत नाही, दमतो. त्याला विसावा द्यायचा. कुणी संपलेला सेल फेकायला निघाला, की आबा तो हातातून काढून घ्यायचे, कडेने दाताने चेपायचे, कानाशी धरायचे आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचे, "हाय आजून. जीव हाय." मग तो माझ्या दुकानाच्या पत्र्यावर जायचा. उन्हाळ्यात लोकांच्या घरांवर कुरडया-पापड्या वाळत, माझ्या पत्र्यावर अख्ख्या गावाचे सेल वाळत.

त्यांच्या घरी एक रेडिओ होता. तो ते बातम्यांपुरता लावायचे, तोही निम्म्या बातम्यांपुरता. मुख्य मुख्य कळलं की सेल बाहेर. त्यामुळे दिल्लीतलं सरकार पडल्याचं त्यांना दरवेळी कळायचं, नवं कोण आलं ते कधीच कळायचं नाही. ते फळीवर बसले की विचारायचे, "मग सध्या कोन बघतंय देशाचं?" त्या वर्षांत सरकारं अशी भराभर बदलत होती, की मलाही नेमकं सांगता यायचं नाही.

या खोडीचं कारण गावाने ठरवून टाकलेलं होतं. आबांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. तरुणपणी एकदा रानात मेंढरं बसवलेली असताना ऐन वेळी त्यांचा टॉर्च विझला आणि लांडग्याने कोकरं नेली. तेव्हा बसलेली सेलांची धास्ती म्हातारपणी वर आली, असं सगळे म्हणायचे. पुढे मेंढरं गेली, ऊस आला, मुलांनी ट्रॅक्टर घेतला, कारखान्याचे सभासद झाले. पण आबा अजून त्या विझलेल्या टॉर्चपाशीच उभे आहेत, असं मीही गिऱ्हाइकांना हसून सांगायचो. मला काय ठाऊक नव्हतं म्हणून मी हसत होतो, ते मला एका सकाळी कळलं.

माझ्या दुकानातला रेडिओ विजेवर चालायचा, म्हणून तो ऐकताना आबांच्या जिवाला घोर नसायचा. त्या सकाळी कुणी एक प्राध्यापक विज्ञानावर बोलत होते. मी घड्याळात डोकं घालून बसलेलो. प्राध्यापक म्हणाले, काही पदार्थांतून आपोआप, न थांबता थोडी थोडी शक्ती बाहेर पडत असते. तिच्यावर चालणारा अणूचा सेल बनवता येतो. त्याची ताकद कमी असते, पण छोट्या यंत्राला तेवढी पुरते. असा सेल एकदा बसवला की वर्षानुवर्षं, अगदी माणसाच्या जन्मभर चालू शकतो. मात्र...

एवढ्यात लाइट गेली.

"शिवा!" आबा फळीवरून उठलेच. "सेल घाल रेडिओत! घाल की लेका, बघतो काय!"

त्यांच्या तोंडून 'सेल घाल' मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. धावपळ करून चार सेल घातले, तोवर प्राध्यापक 'मात्र'च्या पुढचं बोलून घरी गेले होते आणि ऊसकरी बांधवांसाठी खोडकिडीची माहिती लागली होती.

आबा खाली बसले. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपासून थोडं दूर धरून म्हणाले, "एवढा आसंल का रं त्यो? का मोठा?"

"मला काय म्हाईत, आबा."

"छातीत मावंल का?"

मी हसलो. "छातीत कशाला? टॉर्चमधी घाला की."

आबा हसले नाहीत. "म्हाळसाच्या छातीत मिशिन हाय. त्यात सेल हाय. डाक्टर म्हनला, आठ-धा वर्सं जाईल. आता किती जातोय, कुनाला ठावं."

म्हाळसाकाकी म्हणजे आबांची बायको. काही वर्षांपूर्वी उसाला पाणी देताना चक्कर येऊन सरीत पडल्या, मग पुन्हा एकदा चुलीपाशी पडल्या, मग त्यांना पुण्याला नेलं होतं, इतकं मला ठाऊक होतं. 'काहीतरी ऑपरेशन झालं' एवढंच गावाला माहीत. खांद्याच्या खाली कातडीच्या आत पेसमेकर बसवलाय, हृदयाचा ठोका चुकला की तो ठोका देतो, आणि त्याला सेल लागतो, हे आबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. लोक काकींकडे निराळ्या नजरेने बघतील म्हणून. आणि मशीन बसवल्या दिवसापासून, ज्या माणसाच्या घरात संपू नये असा एक सेल होता, त्याला जगातला एकही सेल झिजताना बघवेना.

आता मला सगळ्याचा अर्थ लागला, आणि काकी दिसेनाशा का झाल्या तेही कळलं. ही बाई म्हणजे वारं होतं. नवी नवरी होऊन आली ती मेंढरांमागे घाट उतरून कोकणापर्यंत चालत गेलेली. बाजाराला निघाली की आबा मागे पडायचे आणि रस्ताभर "दमानं, दमानं" ओरडायचे. त्या बाईला आबांनी खाटेवर बसवलं होतं. नळावर जायचं नाही, नातवंडं उचलायची नाहीत, रागवायचं नाही. टीव्हीवर रडका प्रसंग आला की उठून टीव्ही बंद. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असताना कसलीशी गंमत सांगायला लागलो, तर आबांनी मला कोपराने ढोसलं. "हासवू नगंस. झिजतो."

सुनांना सुरुवातीला बरं वाटलं, सासू रागवायची थांबली म्हणून. मग त्यांचीही पंचाईत झाली, कारण सासू दिवसभर खाटेवरून त्यांच्याकडे नुसती बघत बसायची.

सगळ्यात मोठा कहर पुढचाच. डॉक्टरांनी दरवर्षी तपासणीला आणा म्हणून बजावलं होतं. पहिल्या वर्षी नेलं. तिथून परत येताना आबांनी एसटीत बसून आपल्या डोक्याने विचार केला. टॉर्च तपासायचा म्हणजे काय करायचं? लावून बघायचा. लावला की सेल जळाला. म्हणजे दर तपासणीला काकींचा सेल जळणार! झालं. त्यानंतर तपासणी बंद. मुलांनी सांगितलं, सुनांनी सांगितलं, आबांचं उत्तर एकच. "चांगला चाललाय त्यो. कशाला लावून बघायचा?"

त्या सकाळनंतर आबांच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे अणूचा सेल. रोज फळीवर बसता बसता पहिला प्रश्न, "आला का रं?"

"न्हाय आला, आबा."

"पुन्याला चौकशी कर."

मी पुण्याला माल आणायला जायचो तेव्हा खरंच चौकशी केली. घाऊक दुकानदाराने माझ्याकडे बघून आधी पोऱ्याला पंखा मोठा करायला सांगितलं आणि मग पाणी दिलं.

आबांनी मग दुसऱ्या वाटा धरल्या. साखर कारखान्याच्या केमिस्टला गाठलं. तो म्हणाला, आबा, मी साखर बघतो. वीज मंडळाच्या साहेबाला गाठलं. तो म्हणाला, आबा, आम्हाला साधी वीज पुरत नाही. निवडणुकीत एक उमेदवार आळीत आला. लोकांनी रस्ता मागितला, पाणी मागितलं. आबा मागून उठले आणि म्हणाले, "आमास्नी अणूचा सेल पायजे." उमेदवार क्षणभर थबकला, पण माणूस मुरलेला होता. हात उंचावून म्हणाला, "निवडून आल्यावर पहिलं काम तेच!" टाळ्या पडल्या. तो निवडून आला. पहिलं काम काय केलं ते विचारू नका.

मग तो उन्हाळा आला, ज्यात पेपरात अणूशिवाय दुसरं काही नव्हतं. राजस्थानातल्या वाळवंटात आपल्या देशाने स्फोट केले, गावात फटाके वाजले, स्टँडवर पेढे वाटले गेले. आबा धापा टाकत दुकानात आले. एवढा फुललेला चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"शिवा, जमलं म्हनं आपल्या लोकांस्नी! अणू जमला! आता येतंय बघ."

मी त्यांना समजावलं, की आबा, हा बॉम्ब आहे. सेल नाही. आबांनी पेपरातला फोटो बराच वेळ पाहिला. मग हातातला पेढा माझ्या काउंटरवर ठेवून दिला.

"एवढा मोठा भडका करता येतोय," ते म्हणाले, "मग येक बारका सेल करायला काय हुतंय?"



त्यानंतर थोड्याच दिवसांत, आबा शेतावर गेलेले बघून, म्हाळसाकाकी स्वतः माझ्या दुकानात आल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, इकडेतिकडे बघत, चोरासारख्या. आल्या आणि फळीवर आबांच्याच जागी बसल्या.

"शिवा, मला बी तुज्या दुकानातल्या टारचवानी फळीवर ठिवलंय बाबा," त्या म्हणाल्या. "बसून बसून माजी हाडं गंजली. त्येचं काय न्हाय. पर आठवडा झाला, उठलं की डोळ्यांम्होरं आंधारी येती. त्येस्नी सांगितलं तर उटाया बी देनार न्हाईत. संपला का रं त्यो सेल? तुला कळतंय ना सेलांतलं?"

कळतंय कसलं! मी घड्याळाचा सेल सांगू शकतो. माणसाचा कसा सांगणार? डॉक्टरांनी सांगितलेली वर्षं जवळजवळ भरत आलेली, आणि मधल्या सगळ्या काळात एकदाही तपासणी नाही. आत काय चाललंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काकी, उद्या बारामतीला जायचं," मी म्हणालो. "तिथं पुण्याहून हृदयाच्या डॉक्टरीणबाई येत्यात."

"मी जाईन. त्येस्नी कोन हालवनार?"

त्याची युक्ती मला तिथल्या तिथे सुचली, आणि मला तिचा आजही अभिमान आहे. संध्याकाळी आबा आल्यावर मी आवाज खाली आणून म्हणालो, "आबा, बारामतीला उद्या एक डॉक्टरीणबाई येनार हायत. त्येस्नी अणूच्या सेलाची म्हाइती हाय."

आबा फळीवरून जवळजवळ पडले. "मग?"

"काकींना घेऊन चला. मापाबिगर सेल कसा मिळंल?"

हे त्यांना पटलं. चप्पल घ्यायची तरी पाय दाखवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पहिल्या गाडीने निघालो, इंदापूरला गाडी बदलली. आबांनी काकींसाठी उशी आणली होती. गाडी खड्ड्यात आदळली की ते कंडक्टरकडे असे बघायचे, जणू खड्डा त्याने सकाळी उठून खणला होता. काकी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. कित्येक वर्षांनी त्यांनी गावाबाहेरचा रस्ता पाहिला असेल. मी दोघांच्या मागे बसलो होतो आणि मनातल्या मनात बिरोबाला नारळ कबूल करत होतो. खोटं बोलून आणलं होतं, आणि खरं काय निघेल याची भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काकींना झोपवलं, हातापायांना तारा लावल्या, कागदाची पट्टी सरकू लागली. मग टेबलावरून काळी, गोल, बांगडीसारखी वस्तू उचलली आणि काकींच्या खांद्याखाली धरायला गेल्या.

आबांनी मध्येच हात घातला. "ह्याला सेल लागतो का?"

"हे लोहचुंबक आहे, आबा. चुंबकाला कशाला सेल लागतोय?"

"आन आतल्याचा किती जळंल?"

"तुम्ही एक घोट चहा प्यायलात तर किटली रिकामी होते का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी हात काढून घेतला, पण डोळे मिटले. चुंबक ठेवलं. कागदावरच्या रेघा एकदम सारख्या अंतराने उमटायला लागल्या. बाई त्या रेघा मोजपट्टीने तपासत होत्या आणि मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या तपासत होतो. तेवढ्या वेळात माझ्या दुकानातले सगळे सेल संपले असते तरी मला चाललं असतं.

"सेल चांगला आहे," बाई म्हणाल्या. "अजून काही वर्षं तरी काळजी नाही. संपायच्या आधी तो स्वतःच कळवतो, पण ते बघायला तपासणीला यायला हवं. का नाही आलात?"

आबांनी डोळे उघडले. मी इतका मोठा श्वास सोडला, की बाईंची कागदाची पट्टी हलली.

"मग आंधारी कशाची येती?" काकींनी विचारलं. आबा चमकून त्यांच्याकडे बघायला लागले.

बाईंनी रक्तदाब झोपवून घेतला, उभं करून घेतला. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "दिवसभर करता काय तुम्ही?"

"बसते."

"आणि?"

"आन काय न्हाय. ह्येंनी सांगितलंय, बसून ऱ्हा, म्हंजी सेल ऱ्हातो."

बाई आधी हसल्या. मग आबांचा चेहरा बघून हसू आवरलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आबांच्या समोर बसून सांगितलं, की हे मशीन सारखं ठोके देत नाही. काकींचं हृदय आपलं आपण नीट चाललं, की मशीन नुसतं लक्ष ठेवतं. ठोका मंदावला किंवा चुकला तरच ते आपला ठोका देतं. काकी चालल्या, कामाला लागल्या, की त्यांचं स्वतःचं हृदय जोरात चालतं आणि मशीन गप्प राहतं. त्या बसून राहिल्या, की ठोके मंदावतात आणि मशीनला काम पडतं. अंधारी येते ती बसून बसून एकदम उठल्यामुळे, आणि अंगात रक्त कमी आहे म्हणून.

आबा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी राखनीचं कुत्रं हाय त्ये. मेंढरं वळनीत चालली तर गप पडून ऱ्हातंय. मेंढरू मागं ऱ्हायलं की उठतंय."

"अगदी बरोबर."

"आन मीच मेंढरू बसवून ठिवलं." आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "मंग सेल मीच जाळला म्हना की."

"थोडासा," बाई म्हणाल्या. "आता त्यांना चालू द्या म्हणजे झालं."

खाटेवर काकी पदर तोंडाला लावून हलत होत्या. मला वाटलं रडतात. बघतो तर हसत होत्या, आवाज न करता, सगळं अंग हलवून. आणि आबांनी त्यांना अडवलं नाही.

निघायच्या वेळी आबा दारातून मागे फिरले. "बाई, मापाचं ऱ्हायलं. त्यो अणूचा सेल."

मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र निरखून बघायला लागलो. आता आपली अब्रू जाणार! पण बाई म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं त्याबद्दल? होते तसे पेसमेकर. परदेशात पूर्वी काही लोकांना बसवले होते."

"जलमभर पुरायचे?"

"हो. पण आता कुणी बसवत नाही. साधा सेलच आता चांगला झालाय, बरीच वर्षं टिकतो. आणि अणूचं म्हटलं की जोखीम असते. तो छातीत असताना माणूस वारलं, तर तो तसाच जाळता-पुरता येत नाही. आधी काढून, सांभाळून परत पाठवावा लागतो. कारण तो तेव्हाही चालूच असतो."

तर रेडिओवरच्या प्राध्यापकांचा 'मात्र' हा होता. आबांनी मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि ते बाहेर पडले.

परतीच्या गाडीत काकी पुढे जाऊन एका अनोळखी बाईशेजारी बसल्या आणि इंदापूर येईपर्यंत तिचं माहेर, सासर, सुना सगळं विचारून झालं. उशी आबांच्या मांडीवर होती. काकींकडे बघत ते म्हणाले, "शिवा, नको आपल्याला त्यो सेल."

"का वो, आबा?"

"ती न्हाय आन त्यो चालू." त्यांनी उशीवरून हात फिरवला. "आसल्या सेलाचं मी काय करू? तिला पुरंल यवढा पुरू दे. त्येच्या आधी माजा संपू दे, म्हंजी झालं."

पुढे काकींचा आवाज चढला. कुणाच्या तरी सुनेचं चुकलं होतं. आबा ऐकत होते आणि मान डोलवत होते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आबा दुकानाकडे फिरकले नाहीत. फळी मोकळी, पत्रा मोकळा, माझा धंदा एकदम वाढला, आणि खरं सांगतो, मला करमेना. रोज सकाळी 'आला का रं' ऐकायची सवय झाली होती. कळलं ते एवढंच, की काकी निरवांगीला माहेरी भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या. तिथे वरातीत बायकांबरोबर नाचल्या आणि आबा मांडवाच्या कडेला मुठी आवळून उभे राहिले, पण बोलले नाहीत.

मग बाजारच्या दिवशी दोघे आले. म्हणजे काकी आल्या, दुकानावरून भरभर पुढे गेल्या, आणि त्यांच्या मागून पिशव्या सांभाळत आबा. ते फळीपाशी थांबले, पण बसले नाहीत.

"दोन सेल दे रेडिओला. चांगलं दे, नवं."

मी कान खाजवला. "नवं?"

"व्हय. शेवटपातूर ऐकायचं म्हनती ती." मग म्हणाले, "आन येक घड्याळाचा."

नवे सेल काढता काढता मी म्हणालो, "आबा, झोपल्या जागी झिजंल की त्यो."

"झिजू दे." आबांनी सेल खिशात टाकले. "तुला म्हनून सांगतो. लोकांच्या घरातलं मी काढायचो ते सेलासाठी. आमच्या घरातलं तसं नव्हतं. समदी झोपली की ती टिकटिक लई मोठी वाटायची, आन तिचा श्वास ऐकू येत नव्हता. मग घड्याळ बंद करायचं आन ऐकत पडायचं."

मी सुटे पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले.

"आता लागती मला झोप," आबा म्हणाले. "चालू दे घड्याळ."

रस्त्याच्या टोकाला काकी थांबून मागे बघत होत्या. तिथून त्यांनी हाक मारली, "आवं, चला की! का तुमचा बी सेल संपला?"

आबांनी पिशव्या उचलल्या आणि घाईघाईने निघाले. मी फळीवरून बघत होतो. दोघांत बरंच अंतर होतं, आणि ते काही केल्या कमी होत नव्हतं. पण दिसेनासे होईपर्यंत आबांनी एकदाही 'दमानं' म्हणून हाक मारली नाही.